सातपुड्याच्या घाटात कॅम्पर व्हॅन : वजन, ब्रेक आणि पाणी

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ चढायचं असो, की अक्कलकुव्याहून देवगोई घाटानं मोलगी गाठायची असो, राहत्या गाडीची खरी परीक्षा उतारावर होते. म्हणून तयारी वजनापासून करा.

टाक्या, सिलिंडर, गाद्या, माणसं असं सगळं भरून गाडी एखाद्या जिनिंगच्या वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार कळतो. एकूण वजन आरसीवरच्या मर्यादेपेक्षा निदान १५० किलोंनी कमी हवं. घरी बांधून घेतलेल्या गाड्यांत जाड प्लायवूडची कपाटं आणि अगदी मागे बसवलेली टाकी मिळून तोल बिघडवतात. स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळणावर पुढची चाकं पकड सोडतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि मोठी टाकी अर्धी असली की ते प्रत्येक वळणाला हिंदकळतं. त्यापेक्षा ५० लिटरच्या दोन टाक्या मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, तळाशी बसवा. घाटात एक काठोकाठ भरलेली, दुसरी रिकामी.

आता ब्रेक. निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर आधी ते बदला. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओल धरलेल्याची हमी १५५ अंशांवर येते. उतारावर पाय सतत पेडलवर राहिला तर ऑइल उकळून पाइपात वाफ होते, पेडल मऊ पडतं आणि थेट तळाला जातं. त्यामुळे उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाका. तोरणमाळच्या सात पायरीसारख्या वळणांत वेळ पडली तर पहिला. ब्रेक थोडा वेळ जोरात दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकू नका आणि इंजिन तर मुळीच बंद करू नका, कारण इंजिनातून मिळणारा व्हॅक्यूम (पेडल हलकं करणारी ओढ) संपला की ब्रेकची मदत जाते. जळका वास आला तर गाडी रुंद जागी घ्या, चाकांना दगड लावा आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

तळोदा-धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाट अरुंद आहे आणि पावसाळ्यात तिथे दरड कोसळते. लांब गाडी तिकडे नेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वीज मोजून वापरा. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे १,२८० वॉट-तास. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ५०० च्या आसपास खातो, २० वॉटचा पंखा आठ तासांत १६०. सागाच्या सावलीत सोलर पॅनल जवळपास काहीच देत नाही, म्हणून चालत्या इंजिनवरून चार्ज करणारा डीसी चार्जर हवाच. डाब परिसरात थंडीत दव गोठतं. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची खराब होते, तेव्हा ती आतल्या बाजूला ठेवा. ऊब मिळावी म्हणून बंद गाडीत निखाऱ्यांची शेगडी कधीच ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गॅसचा अलार्म घोट्याच्या उंचीवर आणि गॅस बाहेर जायची जाळी तळाशी लावा.

मुक्कामाआधी गावच्या पोलीस पाटलांना किंवा कारभाऱ्यांना विचारा. झऱ्याचं पाणी पाड्यावरचे लोक पितात, त्यामुळे साबणाचं पाणी टाकीतच साठवा आणि शौचालयाची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) खाली शहाद्यात रिकामी करा. कोरड्या नाल्यात गाडी लावू नका. वाळूत चाक रुततं. डिझेल आणि रोख रक्कम घाटाखालीच घ्या.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र धनत्रयोदशीला अस्तंबा यात्रा, महाशिवरात्रीला तोरणमाळ आणि पुढे होळीला काठी गाव, या दिवसांत रस्ता यात्रेकरूंचा असतो. मोठी गाडी आदल्या दिवशीच वर न्या, नाहीतर गर्दी ओसरल्यावर.