किल्ल्याच्या अवशेषांचे तैलचित्र रंगवताना या चुका टाळा

रामशेज, अंजनेरी, हरिहर, धोडप यांसारखे नाशिक परिसरातील किल्ले रंगवताना बहुतेक चित्रे एकाच ठिकाणी फसतात: डोंगर वेगळा दिसतो आणि त्यावरची पडकी भिंत कुठून तरी आणून ठेवल्यासारखी वाटते. वास्तविक तटाचे चिरे त्याच डोंगराच्या बेसाल्टचे, पुष्कळदा गडावरची टाकी खोदतानाच निघालेले असतात. म्हणून तटबंदीसाठी वेगळा तपकिरी रंग न कालवता कातळाचेच मिश्रण वापरावे आणि फरक उजेडाने व कडांच्या रेखीवपणाने दाखवावा. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणाचा करडा हवा तसा निळसर किंवा तांबूस करता येतो. सावलीत ट्यूबमधला काळा थेट भरला, तर ती जागा निर्जीव होते.

युरोपीय किल्ल्यांची चित्रे पाहून उंच मनोरे काढण्याचा मोहही आवरावा. आपल्या गडांना उंची देतो तो कडा. त्यावरचे बुरूज त्यामानाने बुटके असतात. शिवाय ही पडझड केवळ ऊनपावसाची नाही. १८१८ मध्ये नाशिक भागातील किल्ले ताब्यात आल्यावर इंग्रजांनी त्यांतील अनेकांच्या वाटा आणि तटबंद्या मुद्दाम उद्ध्वस्त केल्या. त्यामुळे भिंतीची कड सगळीकडे सारखी झिजलेली न दाखवता मध्येच खिंडार आणि त्याखालच्या उतारावर ढासळलेले चिरे दाखवावेत.

प्रत्येक चिरा रेखू नये. डोळे किलकिले करून पाहावे आणि उजेडाच्या कडेला मोजकेच सांधे काढावेत. दूरच्या रांगेतील गडावर गडद आणि फिकट छटांमधला फरक कमी ठेवावा.

चित्र वाळल्यावर भेगा पडल्यास वरचा थर खालच्यापेक्षा कमी तेलाचा होता का, ते आधी तपासावे. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करावा आणि पुढच्या थरांत जवसाचे तेल वाढवत न्यावे. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग लवकर वाळतो, म्हणून तो तळाशी बरा. रंग जागोजागी मंद, सुकटलेला दिसू लागला, तर थर वाळल्यानंतर तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळून जास्तीचे तेल पुसावे. सावल्या गढूळ झाल्या असतील, तर वरून रंग न चढवता ओला थर पॅलेट नाइफने (रंगकामाच्या बोथट सुरीने) खरवडून काढावा.

पावसाळ्यात वाळण्याला वेळ लागतो. तरीही चित्र कपाटात ठेवू नये, कारण अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. असे पिवळेपण आलेच, तर चित्र थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात काही आठवडे ठेवल्यावर ते बरेचसे उतरते. अंतिम वार्निश थरांच्या जाडीप्रमाणे सहा महिने ते वर्षभराने लावावे.