जुनी वनस्पतिचित्रं विकत घेताना: आधी कागद, मग फूल

जुन्या बाजारात, रद्दीच्या दुकानात किंवा ऑनलाइन लिलावात ‘दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं’ म्हणून दाखवलं जाणारं वनस्पतिचित्र बहुधा एकतर जुन्या ग्रंथातून सुटं केलेलं पान असतं, नाहीतर अलीकडची ऑफसेट नक्कल. हा फरक नुसत्या फुलाकडे पाहून कळत नाही. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी यूव्ही टॉर्च ठेवा. चित्र फ्रेममध्ये असेल तर मागचा पुठ्ठा काढायला सांगा. विक्रेता तयार नसेल तर घासाघीस न करता निघा.

भिंग आधी फिक्या रंगावर धरा, म्हणजे गुलाबी पाकळीच्या कडेवर. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके ठरावीक अंतरावर, छोट्या चक्राकार नक्षीत दिसले तर ती ऑफसेट छपाई. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात रेघ सलग असते आणि शाई बोटाला किंचित उंच लागते. हाताने भरलेला रंग कुठे रेघेबाहेर जातो, कुठे अलीकडेच थांबतो. शिळाछाप (दगडावरून छापलेल्या) चित्रात रेघ खडूने ओढल्यासारखी रवाळ असते. नवखे फसतात ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या रंगीत शिळाछापात. त्यातही ठिपके असतात, पण वेडेवाकडे, लहानमोठे. ठिपका दिसला की नक्कल, असं नसतं. ठिपक्यांची शिस्त पाहायची.

मग अंधारात टॉर्च. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वापरात आलेली उजळवणारी रसायनं आहेत, म्हणजे कागद जुना नाही. झळकला नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

सुरुवातीला ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ची पानं घ्यावीत. लंडनमध्ये १७८७ साली सुरू झालेल्या या मासिकातली चित्रं १९४८ पर्यंत हाताने रंगवली जात, त्यामुळे ती भरपूर आहेत. पान लहान, वर चित्राचा क्रमांक, जुन्या पानांवर तळाशी प्रकाशक आणि तारखेची ओळ, डाव्या कडेला शिलाईची भोकं. मोठ्या चित्राला घडी असेल तर ती मूळचीच. तो दोष नाही. छापताना तांब्याच्या पत्र्याच्या दाबाने कागदावर उमटणारी चौकट मात्र दिसेलच असं नाही, कारण बांधणीत कडा कापल्या जात. क्रमांक घेऊन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर मूळ अंकाशी पान ताडून पाहा. ते फुकट आहे.

मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाची (अ‍ॅमस्टरडॅम, १६७८ ते १६९३) पानं मोहात पाडतात, अनेक पानांवर देवनागरीतली कोकणी नावंही कोरलेली आहेत. पण हा ग्रंथ बिनरंगी छापला गेला. रंगीत पान समोर आलं तर रंग बहुधा नंतरचा असतो आणि किंमत त्या हिशेबाने ठरवायची. रंग डागांवर किंवा घडीच्या भेगांत उतरला असेल तर तो डाग पडल्यानंतर भरलेला. उलट, जुन्या तांबेयुक्त हिरव्या रंगाने कागद खाल्लेला असतो आणि पानाच्या पाठीवर त्याच आकाराची तपकिरी छटा उमटते.

पुण्यात ‘दापोडीच्या बागेतलं मूळ चित्र’ म्हणून कोणी काही दाखवलं, तर सावध राहा. या वनस्पती उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० दरम्यान तिथे करून घेतलेली जलरंगचित्रं एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत.

समासातले थोडे तपकिरी डाग चालतात. कापलेला समास, लॅमिनेशन आणि मागे सेलोटेप चालत नाही. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, मग निघत नाही.

फ्रेमवाल्याला तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर लिहून द्या: चित्र पुठ्ठ्याला फेव्हिकॉलने चिकटवायचं नाही, वरच्या कडेला फक्त दोन जागी जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, माऊंट आणि मागचा बोर्ड आम्लरहित, काच चित्राला टेकता कामा नये. जून ते सप्टेंबर फ्रेम पावसाच्या झडीच्या भिंतीवर टांगू नका, मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्या. न लावलेली पानं आम्लरहित कागदात, आडवी, बंद डब्यात. डब्यातली सिलिका जेल ओली झाली की पुन्हा वाळवा, आणि महिन्यातून एकदा कसर लागली आहे का ते पाहा.