झॅम्पमध्ये अपाची सुरू होत नाही? आधी पोर्ट बघा

विंडोजवर झॅम्प (आपल्याच संगणकावर वेबसाइट चालवून बघायचा सॉफ्टवेअर संच) टाकलं, त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अपाची या वेब सर्व्हरसमोरचं 'स्टार्ट' दाबलं आणि क्षणात ते पुन्हा बंद पडलं, की बरेचजण थेट झॅम्प काढून नव्याने टाकतात. घाई करू नका. बहुतेक वेळा ८० क्रमांकाचं पोर्ट (अपाची ज्या दारावर ब्राउझरची वाट बघतं ते) दुसऱ्याच प्रोग्रॅमने अडवलेलं असतं. विंडोजचा स्वतःचा आयआयएस सर्व्हर हा त्यातला नेहमीचा.

कंट्रोल पॅनेलमध्येच 'नेटस्टॅट' नावाचं बटण आहे. ते दाबलं की कोणतं पोर्ट कोणाकडे आहे ते दिसतं. तो प्रोग्रॅम नको असेल तर बंद करा. हवा असेल तर अपाचीलाच दुसरीकडे बसवा: 'कॉन्फिग' बटणातून अपाचीची मुख्य सेटिंग फाइल उघडा, 'लिसन' या ओळीतल्या ८० च्या जागी ८०८० लिहा, 'सर्व्हरनेम'च्या ओळीतही तेच करा, फाइल सेव्ह करून अपाची सुरू करा. मूळ फाइलची एक कॉपी आधी काढून ठेवा, हे मी कळकळीने सांगते. सुरक्षित (एचटीटीपीएस) जोडणीचं ४४३ क्रमांकाचं पोर्ट अडलं असेल तर एसएसएलच्या, म्हणजे त्या जोडणीच्या सेटिंग फाइलमध्ये असाच बदल लागतो.

आता ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच संगणक) लिहून पुढे कोलन आणि ८०८० टाका. पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फाइल्स झॅम्पच्या 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्येच ठेवा. फाइलवर डबल क्लिक करून पीएचपी चालत नाही, ते सर्व्हरमार्फतच चालतं. आणि झॅम्प काढायचंच ठरलं, तर पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस सांभाळायच्या टूलमधून तुमचा डेटाबेस आधी एक्स्पोर्ट करा.