मोल्सवर्थ म्हणजे नेमका कोण? नावाची गल्लत टाळण्यासाठी

‘मोल्सवर्थमध्ये बघ’ असं मराठीचा अभ्यासक म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 1831 चा मराठी-इंग्रजी शब्दकोश असतो. पण या विरळ इंग्रजी आडनावाचे निदान सात-आठ जण ग्रंथालयांच्या सूच्यांत भेटतात, आणि त्यांतले काही भारतातच नोकरीला होते. आडनाव विरळ म्हणून माणूस तोच, हे गृहीतच बहुतेक चुकांच्या मुळाशी असतं.

सर्वांत जास्त गोंधळ कोशकार आणि अभियंता यांच्यात होतो. कोशकार जेम्स थॉमस मोल्सवर्थ मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी. गिल्फर्ड लिंडसे मोल्सवर्थ (1828–1925) रेल्वे अभियंता. आधी सिलोनच्या रेल्वेत, मग 1871 पासून भारत सरकारचा सल्लागार अभियंता. त्याचं अभियांत्रिकी सूत्रांचं खिशात मावणारं पुस्तक इतकं खपलं की अभियंत्यांच्या तोंडी ‘मोल्सवर्थ’ म्हणजे तेच. जुन्या पुस्तकांच्या यादीत नुसतं ‘मोल्सवर्थ’ दिसलं तर आधी विषय पाहा: सूत्रं आणि कोष्टकं असतील तर अभियंता, देवनागरी नोंदी असतील तर कोशकार. वर्षही कामी येतं. कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे. 1871 नंतरच्या रेल्वेच्या कागदात हे आडनाव आलं, तर पहिला संशय गिल्फर्डवर घ्यावा.

कोशाचा हवाला देतानाच्या चुका वेगळ्या आणि जास्त चिवट आहेत. ‘मोल्सवर्थ, 1831’ असं लिहून खाली दिलेला अर्थ पुष्कळदा 1857 चा असतो. पहिल्या आवृत्तीत सुमारे 40 हजार शब्द होते, दुसरीत सुमारे 60 हजार. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा कोश दुसऱ्या आवृत्तीवरून केलेला आहे, त्यामुळे तिथून शब्द उचलला तर वर्ष 1857 च द्यायचं. अमुक शब्द 1831 मध्ये रूढ होता असं म्हणायचं असेल, तर पहिल्या आवृत्तीचं पानच काढून पाहायला हवं, दुसरी चालणार नाही. पुण्याच्या शुभदा-सारस्वतने 1975 मध्ये काढलेलं पुस्तक पुनर्मुद्रण आहे. त्याला तिसरी आवृत्ती म्हणू नये.

आणि कँडी बंधूंना गाळू नका. मराठी-इंग्रजी कोशाच्या मुखपृष्ठावरच जॉर्ज आणि थॉमस कँडी यांचं साहाय्य नोंदलेलं आहे. 1847 चा इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने योजला आणि सुरू केला, पण पुरा केला थॉमस कँडीने. तो सरळ ‘मोल्सवर्थचा कोश’ म्हणून देणं हा कँडीवर अन्याय आहे, आणि संदर्भ म्हणूनही ते चूकच.

‘सर’ या उपाधीवरून ओळख पटवू पाहणारे हमखास फसतात. आठवा बॅरोनेट विल्यम मोल्सवर्थ (1810–1855) याला ती वारशाने मिळाली. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचे समग्र ग्रंथ त्याने संपादित केले आणि 1855 मध्ये वसाहतींचा मंत्री असतानाच तो वारला. गिल्फर्डला ती भारतातल्या सेवेबद्दल मिळाली. तिसरा ‘सर’ म्हणजे रॉबर्ट मोल्सवर्थ, डब्लिनमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचा न्यायाधीश. म्हणून उपाधीपुढे पहिलं नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पण रॉबर्टच्या बाबतीत पहिलं नावही पुरत नाही. डेन्मार्कच्या राजवटीवर टीका करणारं 1694 चं पुस्तक लिहिणारा रॉबर्ट मोल्सवर्थ (1656–1725) हा पहिला व्हायकाउंट, तोही डब्लिनचाच. न्यायाधीश रॉबर्ट 1806 ते 1890 मधला. दोघांचं गाव एक, नाव एक. मध्ये दीड शतक. शिवाय व्हायकाउंट म्हणजे उमराव आणि बॅरोनेट म्हणजे उमराव नसलेला, पण वंशपरंपरागत ‘सर’. मराठीत दोघांनाही ‘सरदार’ म्हणून मोकळं होणारे लेख आहेत. त्यावरून पुढचा वाचक आयर्लंडची व्हायकाउंटकी आणि कॉर्नवॉलमधल्या पेनकॅरो इथलं बॅरोनेट घराणं यांची गल्लत करतो.

बायकांच्या नावात सापळा लग्नाचा. मुलांसाठी लिहिणाऱ्या मेरी लुइसा मोल्सवर्थ (1839–1921) माहेरच्या स्ट्युअर्ट, जन्म रॉटरडॅमचा. मोल्सवर्थांच्या जन्मनोंदींत त्यांना शोधण्यात वेळ घालवू नये. सुरुवातीची पुस्तकं एनिस ग्रॅहम या टोपणनावाने आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावाने शोधलं तर ती निसटतात.

नातं लावायची घाईही नको. मोल्सवर्थ हे केंब्रिजशरमधलं एक खेडं आहे (पूर्वी ते हंटिंगडनशरमध्ये मोडत असे) आणि आडनाव तिथूनच आलं. गावावरून आडनाव पडलेली सगळी माणसं एका रक्ताची नसतात, हे कोल्हापूरकर-सातारकरांना वेगळं सांगायला नको. बाप्तिस्म्याची नोंद, मृत्युपत्र किंवा प्रकाशित वंशावळ हाती असेल तरच ‘नातेवाईक’ लिहावं, नाहीतर ‘समान आडनावाचे’ एवढंच.

शोधताना देवनागरीत मोल्सवर्थ, मोलस्वर्थ आणि मोल्स्वर्थ अशी तिन्ही रूपं टाका. मराठी लेखांत तिन्ही सापडतात, आणि एकाने शोधलं तर बाकीच्यांतलं हाती लागेलच असं नाही.