एकच विमान की रोज नवे? लढाऊ फ्लाइट सिम्युलेटरमधल्या या चुका टाळा

लढाऊ फ्लाइट सिम्युलेटरकडे, म्हणजे संगणकावर लढाऊ विमाने उडवण्याच्या खेळाकडे, नव्याने वळलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘आता पुढचे विमान कोणते घेऊ?’ हाती असलेले विमान त्याला अजून धड उतरवता येत नसते, पण तोवर त्याच्याकडे डीसीएस या सिम्युलेटरची चार मोड्यूल, म्हणजे त्यात जोडायची चार विमाने, जमा झालेली असतात. त्याला टोकले, तर ४८७ प्रकारची विमाने उडवणाऱ्या एरिक ब्राउन यांचा दाखला हमखास पुढे येतो. ब्राउन चाचणी वैमानिक होते आणि निरनिराळी विमाने उडवून पाहणे हेच त्यांचे काम होते. दाखला लढाईतलाच हवा असेल, तर तो दुसऱ्या महायुद्धातला जर्मन वैमानिक एरिक हार्टमनचा द्यावा. त्याने आपले ३५२ विजय मेसरश्मिट १०९ या एकाच जातीच्या विमानावर मिळवले.

सारखी वाटणारी दोन विमाने एकदम शिकायला घेणे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. एफ-१८ आणि एफ-१६ दोन्ही अमेरिकी, दोन्हींत तसेच पडदे आणि तेच एम्रॅम क्षेपणास्त्र. त्यामुळे एक आले की दुसरे अर्धे आलेच, असा सार्वत्रिक समज आहे. माझे मत नेमके याच्या उलट आहे. एफ-१८ हॉर्नेटबरोबर दुसऱ्या महायुद्धातले स्पिटफायर शिकणाऱ्याचा फारसा गोंधळ होत नाही, कारण स्पिटफायरमध्ये बसल्यावर हॉर्नेटच्या सवयींना वावच उरत नाही. घोटाळा होतो तो बोटाखाली तेच बटण असते आणि त्याचे काम मात्र बदललेले असते तेव्हा.

आमच्या गटातला एक जण हॉर्नेटवर चांगला तयार झालेला होता. एका सामूहिक मोहिमेत तो नुकतेच घेतलेले एफ-१६ घेऊन आला. हॉर्नेटच्या स्टिकवरचा सेन्सर कंट्रोल स्विच मागे ओढला, की कर्सरचा ताबा खालच्या मधल्या पडद्याकडे जातो आणि तिथे आसपासच्या विमानांची स्थिती पाहता येते. एफ-१६ मध्ये त्याने त्याच हॅट स्विचवर (अंगठ्याने चारी दिशांना ढकलायच्या बटणावर) टार्गेट मॅनेजमेंट स्विच बसवला होता, आणि तो मागे ओढला की रडारने धरलेले लक्ष्य सुटते. त्याने योग्य उंचीवरून, योग्य अंतरावरून एम्रॅम सोडले, लक्ष्य रडारच्या कडेला राहील असे शिस्तशीर वळण घेतले, आणि क्षेपणास्त्राचे स्वतःचे रडार सुरू होण्याआधीच, साथीदार कुठे आहे हे पाहण्यासाठी, सवयीने हॅट मागे ओढला. लक्ष्य सुटले, क्षेपणास्त्राला विमानाकडून मिळणारी माहिती थांबली आणि ते आधीच्या अंदाजानुसार पुढे जात राहिले. शत्रू मात्र तोवर वळून निघून गेला होता. ‘माझं रडार गंडलंय,’ असे त्याने रेडिओवर जाहीर केले, पुन्हा लक्ष्य धरले, आणि पुन्हा तेच केले. दुसऱ्या वेळी शत्रूने त्याला वळायची संधी दिली नाही. नंतर उड्डाणाचा ट्रॅक, म्हणजे सिम्युलेटरने ठेवलेली नोंद, लावून पाहिला, तेव्हा रडारमध्ये काहीही बिघाड नव्हता.

यावर माझा उपाय शुद्धतावाद्यांना मान्य होत नाही. लक्ष्य सोडून देण्याची क्रिया मी प्रत्येक विमानात एकाच बटणावर ठेवतो. मग खऱ्या विमानाच्या स्टिकवर ती कुठेही असो. ‘खऱ्या विमानात असे नसते’ असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की खरा वैमानिक सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे लढाऊ विमान घेऊन युद्धावर जात नाही. दुसरे विमान घ्यायचेच असेल, तर पहिल्यापासून शक्य तितके वेगळे घ्यावे.

एका विमानाचे लँडिंग दुसऱ्यात वापरणे

हॉर्नेट विमानवाहू नौकेसाठी घडवलेले आहे. त्याचा अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन) ८.१ अंशांवर धरायचा, उतरण्याचा कोन थ्रॉटलने सांभाळायचा आणि नाक न उचलता विमान तसेच टेकवायचे. त्याची चाके तो आघात सोसतात. हीच पद्धत एफ-१६ वर चालवली, तर विमान धावपट्टीवर आपटते. तिथे सुमारे ११ अंशांवर खाली येऊन शेवटी उतरण्याचा वेग हलक्या हाताने मोडावा लागतो आणि टेकल्यावर नाक १३ अंशांच्या आसपास वर धरून हवेनेच वेग कमी करावा लागतो. कोन १५ अंशांच्या वर गेला की शेपटीकडचा भाग घासतो. नव्या विमानात शस्त्रांना हात लावण्यापूर्वी मी फक्त धावपट्टीभोवती फेऱ्या मारतो. नवशिक्यांना हे कंटाळवाणे वाटते आणि मग मोहीम फत्ते करून परत आल्यावर ते स्वतःच्याच तळावर विमान फोडतात.

विमान आपोआप एका बाजूला झुकते

हा विमानाचा दोष नव्हे. डीसीएसमध्ये नवे मोड्यूल बसवले, की जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या अक्षांना (सरकवायच्या वा फिरवायच्या हालचालींना) ते आपणहून कामे वाटून देते, त्यामुळे पेडल आणि थ्रॉटलचे अक्षही रोल (बाजूला झुकणे) किंवा पिचवर (नाक वर-खाली होणे) जाऊन बसतात. पहिल्या उड्डाणाआधी अक्षांचे पान उघडून दुबार नोंदी पुसाव्यात. हे न करता तक्रार घेऊन येणाऱ्यांना उत्तर देणे मी बंद केले आहे.

किरकोळ वाटणाऱ्या, पण जीव घेणाऱ्या

मिग-२१ चा उंचीमापक मीटरमध्ये असतो, अमेरिकी विमानांचा फुटांमध्ये. त्या सवयीने अमेरिकी विमानात सूर मारताना काटा हजारावर दिसला आणि अजून वेळ आहे असे वाटले, तर लक्षात ठेवावे की तुम्ही जेमतेम ३०५ मीटर उंचीवर आहात.

मेसरश्मिट १०९ चे रेडिएटर आणि प्रोपेलर स्वयंचलित आहेत. त्यातून थेट याक-१ मध्ये बसणारा माणूस रेडिएटरची झाकणे विसरतो आणि इंजिन तापवतो.

हेलिकॉप्टरमध्ये अमेरिकी ह्यूईसाठी कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) ओढताना डावे पेडल लागते, तर रशियन एमआय-८ साठी उजवे, कारण दोघांचे रोटर उलट दिशांनी फिरतात.

हरल्यावर विमान बदलणे

फॉके-वुल्फ १९० घेऊन स्पिटफायरशी वळणांची झटापट करायची, हरायचे आणि स्पिटफायर घ्यायचे; मग वरून सूर मारून आलेल्या १९० ने पाडले की ‘स्पिटफायर मंद आहे’ म्हणून तिसरे शोधायचे. या चक्रात सापडलेल्या माणसाला कोणतेच विमान कळत नाही. माझा नियम साधा आहे : पाडले गेल्यावर त्याच विमानात बसायचे, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर जायचे आणि मागच्या वेळी जिथे वेग गमावला ते वळण या वेळी घ्यायचे नाही.

याचा अर्थ दुसऱ्या विमानाला जन्मभर शिवू नये असा नव्हे. तीही चूकच आहे, फक्त ती धीराच्या माणसांकडून होते. जून १९४२ मध्ये आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधल्या पेम्ब्री तळावर आपले १९० घेऊन उतरला, तेव्हा ब्रिटिशांनी ते विमान स्पिटफायरसमोर उडवून पाहिले आणि वळणाची त्रिज्या सोडली, तर स्पिटफायर ५ त्याच्यापुढे जवळपास सर्वच बाबतींत कमी पडते हे नोंदवून ठेवले. प्रतिस्पर्ध्याचे विमान एवढ्याच हेतूने घ्यावे. त्यासाठी इंजिन सुरू करण्याची पूर्ण पद्धत किंवा सगळी बटणे शिकण्याची गरज नसते. उड्डाण हवेतच सुरू करावे, १०९ ची स्टिक सुरात कोणत्या वेगाला जड होते आणि मागचा कोणता भाग त्यातून दिसत नाही एवढे टिपून घ्यावे, आणि त्याच संध्याकाळी आपल्या विमानात परत यावे.