पत्रक नको, खर्चाचा कागद न्या

बारावीचा निकाल लागला की आपण माजी विद्यार्थी विद्यापीठाची रंगीत पत्रकं घेऊन गावोगाव फिरतो. घरच्यांचा प्रश्न मात्र एकच असतो, "खर्च किती येईल?" त्याचं उत्तर पत्रकात नसतं.

आमचं गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोलीचं. तिथल्या कॉलेजांसाठी मी आता असं करतो:

1. कोऱ्या कागदावर स्वतःच्या पहिल्या वर्षाचा खर्च हाताने लिहा. फी, खोलीभाडं, मेस, एसटीचा पास, झेरॉक्स. झेरॉक्सचा आकडा वाचून लोक हसतात अन् मग मोकळे बोलतात. यंदाची फी तेवढी कॉलेजात विचारून घ्या.

2. निकालाची वाट पाहू नका, दाखल्यांचं सांगायला एप्रिलमध्येच जा. जात पडताळणीचं प्रमाणपत्र निघालं नसेल तर ते आधी, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मग डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चनंतरच काढायला सांगा. आधीचा त्या तारखेला संपतो, अन् सेतू केंद्राची चक्कर पुन्हा पडते. धानाची रोवणी सुरू झाली की कागद शोधायला घरी कोणी सापडत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

3. संध्याकाळी जा, मायही घरी असते. मुलीला बाहेर पाठवायचं की नाही, हे बहुतेक तिथेच ठरतं. शिकत असलेल्या एखाद्या मुलीला फोन लावून द्या, आपण अंगणात थांबा.

एक जपा: शिष्यवृत्ती "मिळेलच" म्हणू नका. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे पैसे उशिरा येतात, तोवरची सोय विचारा. अन् कोणाचे मूळ कागद स्वतःजवळ ठेवू नका.