मायक्रोफिल्म प्रोसेसरवरचं पहिलं वर्ष

जुन्या कागदांचे अगदी छोटे फोटो फिल्मवर घेऊन जपतात, ती मायक्रोफिल्म. तिच्या लॅबमध्ये रुजू झाले तेव्हा मला कॅमेऱ्यावर बसायचं होतं. जुनी वर्तमानपत्रं, मोडीतले कागद, दोन्ही बाजूंनी दिव्यांचा प्रकाश, काम म्हणजे ते असं वाटायचं. मिळालं मागच्या खोलीतलं प्रोसेसर मशीन, म्हणजे काढलेली फिल्म रसायनांतून नेऊन धुणारं यंत्र. महिनाभर तोंड पाडूनच वावरले. पण कॅमेऱ्यावर एखादं पान हुकलं तर ते परत काढता येतं. प्रोसेसरमध्ये गडबड झाली तर अख्खा रोल जातो, म्हणजे 30.5 मीटर फिल्म आणि त्यावरची वर्तमानपत्राची सहाशेच्या आसपास पानं. हे कळल्यावर तक्रार आपोआप थांबली.

मशीनची रचना सोपी आहे. फिल्म रोलरांवरून आधी चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये, मग ते पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये (आम्ही सगळे त्याला हायपोच म्हणतो), मग धुण्याच्या टाकीत आणि शेवटी ड्रायरमध्ये जाते. पुढे लीडर, म्हणजे कोरी पट्टी, जोडलेला असतो, तो वाट दाखवतो. लीडरचा जोड मात्र घट्ट हवा. तो डेव्हलपरच्या टाकीत सुटला तर दिवा लावता येत नाही आणि अंधारात चाचपडत फिल्म काढावी लागते. माझ्यावर ही वेळ दोनदा आली.

सकाळी पाणी आणि हीटर सुरू करायचा आणि डेव्हलपर ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत फिल्मला हात लावायचा नाही. नवीन माणूस घाई करतो ती इथेच. तापमान थोडं जरी वर गेलं तरी घनता, म्हणजे फिल्मचा काळेपणा, वाढते. त्यानंतर रिकामी फिल्म सोडायची, ती रोलरांवरची घाण घेऊन बाहेर येते. मग टेस्ट स्ट्रिप (चाचणीची पट्टी) काढायची, डेन्सिटोमीटरवर तिची घनता मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. निगेटिव्हवर कागदाच्या पार्श्वभूमीची घनता साधारण 0.9 ते 1.2 असावी लागते. शाई फिकी पडलेले कागद असतील तर आम्ही ती थोडी कमी ठेवतो, नाहीतर बारीक रेघा भरून जातात. कालच्या आणि आजच्या आकड्यात फरक दिसला तर कारण सापडेपर्यंत खरी फिल्म आत जात नाही, मग साहेब दारात उभे असले तरी.

रसायनं भरताना आधी फिक्सर, मग डेव्हलपर. कारण फिक्सरचे चार थेंब डेव्हलपरमध्ये उडाले तरी डेव्हलपर बाद होतो. आमचे सीनियर काका झाकण उघडलं की आधी वास घ्यायचे. एकदा मला म्हणाले, "अगं, अमोनियाचा वास येतोय, तुला येत नाही?" मला खरंच आला नव्हता. ती टाकी पुन्हा रिकामी करून, धुऊन भरण्यात दुपार गेली. हायपोच्या टाकीतली रॅक (रोलरांची चौकट) उचलताना टाक्यांच्या मध्ये पत्रा ठेवायचा, हे त्या दिवसापासून माझ्या अंगवळणी पडलं.

ओरखडे आणि डाग शोधण्यातच मला खरी गोडी लागली. फिल्मवर सलग सरळ रेघ आली, तर न फिरणारं काहीतरी घासतंय: अडकलेला रोलर, नाहीतर त्याच्या कडेला सुकून बसलेला हायपोचा खडा. डाग ठरावीक अंतराने परत परत येत असेल, तर तो फिरणाऱ्या रोलरवरचा. दोन डागांतलं अंतर मोजायचं आणि 3.14 ने भागायचं. मला एकदा 8 सेंटीमीटर मिळाले, म्हणजे साधारण अडीच सेंटीमीटर व्यासाचा रोलर. त्या मापाचे तीनच रोलर होते. दुसऱ्यावर इमल्शनचा (फिल्मवरच्या चांदीच्या थराचा) नखाएवढा तुकडा चिकटलेला सापडला.

यातलं सगळं डोळ्यांना दिसतं तरी. धुण्यातली चूक दिसतच नाही. एका पावसाळ्यात पहिल्या सरींनंतर नळाला गढूळ पाणी आलं, फिल्टर तुंबला आणि धार कमी झाली. माझं लक्ष गेलं नाही. फिल्म सुंदर आली होती, घनता बरोबर, ओरखडा नाही. उरलेला हायपो मोजणाऱ्या मिथिलीन ब्लू चाचणीत मात्र हायपो राहिलेला निघाला. पॉलिएस्टर फिल्म 500 वर्षं टिकावी म्हणून जे प्रमाण धरतात, त्यात प्रत्येक चौरस मीटरला 0.014 ग्रॅमपेक्षा जास्त थायोसल्फेट (हायपोतलं मुख्य रसायन) चालत नाही. जास्त राहिलं की चित्रातली चांदी हळूहळू पिवळी पडत जाते. ते रोल पुन्हा धुऊन काढले. नमुना प्रोसेसिंगनंतर दोन आठवड्यांच्या आत तपासायला हवा, कारण उरलेला हायपो तोपर्यंत बदलू लागतो. उशिरा पाठवलेल्या नमुन्याचा निकाल चांगला आला तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

संध्याकाळी वरचे रोलर काढून कोमट पाण्याने धुते आणि झाकण चार बोटं उघडं ठेवते. बंद ठेवलं तर आत वाफ धरते आणि तिचे थेंब डेव्हलपरमध्ये पडतात. वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो मोरीत ओतायचा नाही, चांदी काढायला वेगळा साठवायचा.

शिक्षणाचं विचाराल तर बारावी सायन्सचं रसायनशास्त्र पक्कं असलं की सुरुवातीला पुरतं. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीजमध्ये रेप्रोग्राफीचा, म्हणजे कागदपत्रांच्या प्रती काढण्याचा, छोटा अभ्यासक्रम असतो. नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. बरंच काम स्कॅनिंगकडे गेलं. पण काही ठिकाणी स्कॅन केलेली पानंच परत फिल्मवर उतरवून ठेवतात आणि ती फिल्म शेवटी प्रोसेसरवरच येते. मुलाखतीला गेलात तर लॅब बघायला मागा आणि पाण्याचा फिल्टर शेवटचा कधी बदलला तेवढं विचारा.